अपेक्षित पगार : "किती टाकू, अक्का?"

आमच्या दुकानात एकाच पोराचे दोन कागद टाईप होतात. एक लग्नाचा बायोडाटा, दुसरा नोकरीचा अर्ज. बायोडाट्यात मासिक पगार पस्तीस हजार, खाली "स्वतःचं घर, दोन एकर शेती, बोअर". त्याच पोराचा अर्ज भरायला घेतला आणि अपेक्षित पगाराच्या रकान्यावर आलो, की त्याचा आवाज खाली जातो. "अठरा टाका अक्का. नको नको, सोळाच टाका." सोयरिकीत फुगवायचं आणि साहेबापुढं आखडायचं. या दोन्हींच्या मध्ये खरा आकडा कुठं आहे, ते बहुतेक वेळा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. बायोडाट्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिथं समोरची पार्टीही तेवढीच फुगून आलेली असते, आणि टाईप करणाऱ्यानं सोयरिकीत तोंड घालू नये असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. अर्जाबद्दल मात्र मी तोंड घालते.

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान खानापूर बसस्टँडच्या बाजूला. पॅन, आधार, सेवा सिंधू, पासपोर्ट, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, जे येईल ते. त्याआधी बरीच वर्षं बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात मस्टर आणि पगारपत्रक माझ्याकडं होतं. म्हणजे या रकान्याच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. तेव्हा आलेले अर्ज मालकाच्या टेबलावर लावून द्यायची, आता तेच अर्ज भरून पाठवते.

कागदी अर्ज होते तोवर या रकान्याला एक पळवाट होती. "कंपनीच्या नियमानुसार" असं लिहिलं की सुटलो. आताचा रकाना अक्षरं घेतच नाही. "निगोशिएबल" टाईप केलं की खाली लाल रेघ. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. मग पोरं शून्य टाकतात, नाहीतर एक. वर हा रकाना कुठं महिन्याचा आकडा मागतो, कुठं वर्षाचा, कुठं लाखात. नोकरीच्या पोर्टलवर बहुधा वर्षाचा सीटीसी (कंपनीचा एका माणसावरचा सगळा खर्च) लाखात असतो, म्हणजे महिन्याला वीस हजार हवे असतील तर तिथं २.४ पडायला पाहिजे. जांबोटीकडच्या एका पोरानं मोबाईलवरच घाईत सगळीकडं २०००० टाकून ठेवलं होतं. वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे सहासष्ट. दुसऱ्यानं लाखाच्या रकान्यात नुसतं वीस लिहिलं. हेल्परच्या जागेला वीस लाखांची मागणी! कुठूनच फोन येईना, तेव्हा दोघंही "आमचा अर्ज पोचतोय का बघा" म्हणून दुकानात आले. अर्ज पोचत होते. तेवढी अडचण नव्हतीच.

पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते सांगते, कारण आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. त्यांना वाटतं कमी लिहिलं की पटकन घेतात. मालकाच्या डोक्यात आकडा जाहिरात द्यायच्या आधीच ठरलेला असायचा, आणि तो बाजारात फिरून ठरायचा असं नाही. त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला जो जुना माणूस उभा आहे त्याला किती मिळतं, त्यावर ठरायचा. नव्याला जुन्याच्या वर दिलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सगळ्या शॉपला कळतं आणि तीन माणसं ऑफिसच्या दारात उभी राहतात. म्हणून वरची हद्द तिथं. खालची हद्द किमान वेतनाची. मधे दोन-तीन हजारांची जागा उरते. अर्ज आले की मी तीन गठ्ठे करायची. हद्दीच्या फार वरचे बाजूला, मधले बोलवायचे, आणि फार खालचे? त्यावर मालक चष्म्यातून वर बघून म्हणायचे, "हा सहा महिन्यांत कागलला जाणार." आणि ते खरंच व्हायचं. कमी पगारावर आलेला पोरगा काम शिकून घ्यायचा, कुणाकडून तरी कळायचं की कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किंवा गोकुळ शिरगावात दोन हजार जास्त आहेत, आणि एका सोमवारी मस्टरवर त्याच्या नावापुढं रेघ. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा शिकवणं, पुन्हा मोडलेले इन्सर्ट (मशीनवरची धातू कापायची पाती). मालकाला स्वस्त माणूस महाग पडतो हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

आता पोर्टलवर तेच काम यंत्र करतं. भरती करणारा किमान-कमाल पगाराची पट्टी लावून शोधतो. त्या पट्टीत तुझा आकडा नसेल तर तुझा अर्ज त्याला दिसतच नाही. शून्यवाला खालून गळतो, वीस लाखवाला वरून.

आणि कमी लिहून आत शिरलात तरी तो कमीपणा तिथंच थांबत नाही. पगारवाढ टक्क्यात होते. चौदा हजारांवर दहा टक्के म्हणजे चौदाशे, सतरावर सतराशे. पीएफ बेसिकवर (मूळ पगारावर), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) तीही बेसिकवर. पहिल्या दिवशी लाजून सोडलेले तीन हजार पाच वर्षांनीही दर महिन्याच्या स्लिपेत कमीच दिसतात, थोडे वाढूनच.

आता सीटीसी. हा शब्द कळला नाही तर बाकी काही कळून उपयोग नाही. गुंजीकडचा एक पोरगा, डिप्लोमा झालेला, चाकणच्या एका कंपनीचं पत्र घेऊन प्रिंट काढायला आला. तीन लाखांचं पॅकेज. घरी पेढे वाटून झालेले. वडिलांनी तीन लाखाला बाराने भागून पंचवीस हजार काढले होते आणि त्यातले दहा हजार घरी येणार, ट्रॅक्टरचा हप्ता सुटला, इथवर हिशोब गेला होता. पत्राच्या तिसऱ्या पानावर तक्ता होता. तो कुणी उघडला नव्हता, कारण मोबाईलवर अक्षर बारीक.

मी झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. महिन्याचे पंचवीस हजार. बेसिक त्यात १२,५००. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ भरते, बेसिकच्या बारा टक्के, १,५००. तो पंचवीसमधेच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६०१ रुपये. तीही त्यातच धरलेली, आणि कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय ती हातात पडत नाही. बोनस १,०४१, तो दिवाळीला. राहिले २१,८५८. यातून पोराच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,५००. महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. कँटीन आणि कंपनीची बस मिळून ८५०. हातात १९,३०८.

वडील म्हणाले, "मग पावणेसहा हजार कुणी खाल्ले?" कुणी खाल्ले नाहीत. पीएफ त्याच्याच नावावर जमतो, कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. बोनस दिवाळीला येतोच. पण ट्रॅक्टरचा हप्ता दिवाळीची वाट बघत नाही. चाकणला कॉट बेसिसवर खोली आणि मेस धरली की दहा हजार घरी पाठवायची भाषा बंद.

त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) हद्द महिन्याला २१,००० रुपये आहे. पगार तेवढा किंवा त्याखाली असला की कामगाराचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि पोरावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. या पोराचा पगार हद्दीच्या ८५८ रुपये वर. म्हणजे कार्ड नाही. त्याच्या आईची शुगर आहे, पायाची जखम भरत नव्हती. एकवीस हजारांवर त्याचे १५८ रुपये कापले गेले असते आणि आईच्या औषधपाण्याची बरीच सोय झाली असती. मी त्याला पगार कमी कर असं सांगितलं नाही. "ग्रुप मेडिक्लेम आहे का, आणि त्यात आई-वडील बसतात का, एवढं मेल करून विचार," म्हटलं. विचारल्यावर कळलं की वडील-आई घेता येतात, पण हप्ता आपल्या खिशातून. आकडा ठरवताना हेही धरायचं असतं. एकवीसच्या आसपास मागणाऱ्यानं थोडं वर जायचं असेल तर चांगलं वर जावं. पाचशे-हजारानं हद्द ओलांडण्यात तोटाच जास्त.

एकवीस हजार हा आकडा आमच्याकडं दुसऱ्याच कारणानं पाठ आहे. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं तालुक्यात पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं हा रोजचा देखावा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. सरकारही निधीत तेवढेच टाकतं. जाहिरातीतच दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले होते, पॅकेज वेगळं आणि हातातलं वेगळं. खाजगी कंपन्यांनी हे एवढं जरी उचललं तरी माझी निम्मी झेरॉक्स वाचेल. तर भरतीत छातीनं किंवा पळण्यानं मागं राहिलेला पोरगा आमच्या दुकानात येतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकवीस पक्का बसलेला असतो. "मित्राला एकवीस मिळतात, मला तेवढे तरी पाहिजेत." त्या मित्राला राहणं, जेवण, कपडे सगळं फुकट आहे, हे त्या एकवीसमध्ये लिहिलेलं नसतं.

सरकारी अर्जात हा रकाना नसतोच. तिथं आकडा सरकार सांगतं. कर्नाटकात १ ऑगस्ट २०२४ पासून सातव्या वेतन आयोगानं किमान बेसिक १७,००० वरून २७,००० वर नेलं, ते सगळ्यांना माहीत आहे, पेपरात येतं, दारात चर्चा होते. म्हणून आपल्याकडं पगार ही 'मिळायची' गोष्ट आहे, सांगायची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या बापानं जागा निघायची वाट बघितली, पोराला कुणी विचारलंच नाही की बाबा तुला किती पाहिजेत. एकदम रकाना पुढं आला की तो गडबडतो, त्यात त्याचा काय दोष.

आम्हा सीमेवरच्या लोकांचं एक मात्र बरं आहे. एकाच गावातून चार बाजार दिसतात. घरात राहून बेळगावचं उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा. महामार्गानं वर गेलं की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. निपाणीची पोरं तर सकाळी कागलला जाऊन संध्याकाळी घरी. खाली घाट उतरला की गोवा, वेर्णा. आणि रात्रीच्या गाडीनं पुणे, नाहीतर उलट्या बाजूला बंगळूर. काम तेच, व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन) चालवायचं किंवा क्वालिटीत मापं घ्यायची, तरी आकडा चार ठिकाणी चार. किमान वेतन ज्या त्या राज्याचं. कर्नाटकात महागाईचा हिस्सा १ एप्रिलला वर्षातून एकदा बदलतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैला. एकाच पोराच्या एकाच आठवड्यात केलेल्या तीन अर्जांत तीन वेगळे आकडे असायला हवेत, आणि मी तसेच टाकायला लावते. त्यांना ते खोटेपणाचं वाटतं. "आधी सतरा टाकलं, आता चोवीस कसं टाकू?" अरे, सतरा होनग्याचे, आईच्या हातचं जेवून जायचे. चोवीस चाकणचे. तू तोच असलास तरी तुझा खर्च तो नाही आणि तिथला भावही तो नाही.

मग तो भाव कळायचा कसा? गावची पोरं तिथं आहेतच. चाकणला आहेत, वेर्ण्यात आहेत, हुबळीला आहेत, गणपतीला सगळी घरी येतात. अडचण ही की "तुला किती मिळतो" असं विचारलं की पोरगा बायोडाट्यातला आकडा सांगतो. म्हणून विचारायची पद्धत बदलायची. "तुमच्याकडं नवीन पोराला सुरुवातीला किती देतात, ओव्हरटाईम धरून की सोडून?" यावर खरं उत्तर येतं, कारण त्यात त्याची इज्जत अडकलेली नसते. अशी दोन-तीन पोरं विचारली की पट्टी कळते. ओव्हरटाईमचं आवर्जून विचारायचं. पुष्कळांचे पंचवीस हे बारा-बारा तासांचे पंचवीस असतात.

दुसरा आकडा घरी बसून काढायचा, ज्याच्याखाली जायचंच नाही तो. खोली, मेस, गाडीभाडं, मोबाईल, घरी पाठवायचे, कर्जाचा हप्ता असला तर तो. आली ती बेरीज कुणाला दाखवायची नाही, आईलासुद्धा नाही. आई लगेच म्हणेल "माझे पाचशे कमी कर". अर्जात टाकायचा आकडा या बेरजेच्या वर आणि त्या पट्टीच्या आत, वरच्या अंगाला. बेरीजच पट्टीच्या वर जात असेल तर त्या गावाला अर्ज करण्यात अर्थ नाही. असे दोन अर्ज मी भरायच्या आधीच थांबवलेत. माझे पन्नास-पन्नास रुपये गेले.

मुलींचं प्रकरण निराळं, आणि यावर मला जरा जास्तच बोलायचंय. बीकॉम झालेली, टॅली येतंय, जीएसटीचे रिटर्न भरता येतात, अशा मुली आमच्याकडं भरपूर. बेळगावात सोसायट्या, शोरूम, दवाखान्यांचे काउंटर, ऑडिटरांची ऑफिसं इथं त्यांना काम मिळतं. अर्ज भरायला आई बरोबर येते आणि आकडा आईच सांगते. "दहा टाका. जवळ आहे, संध्याकाळी घरी येतीय, आणखी काय पाहिजे." त्याच घरचा पोरगा, बीकॉमला दोनदा बसलेला, पंधराच्या खाली अर्ज करत नाही.

त्यात आता फुकट बसची भर. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून तिकीट नाही. खानापूर-बेळगाव रोज जाणाऱ्या मुलींचा महिन्याचा चांगला खर्च वाचला, माझाही वाचतो. खरं हे पलीकडच्या टेबलालाही कळलंय. नंदगडच्या एका मुलीनं सोळा सांगितले तेव्हा तिला म्हणाले, "बस तर फ्री आहे की तुम्हाला." म्हणजे सरकारनं तिच्या पर्समध्ये टाकलेले पैसे यांनी दुसऱ्या हातानं काढायचे! बसचे पैसे वाचले ते तिचे. कामाचा भाव कामाचा. तिनं मला तिथूनच फोन केला, संडासात जाऊन, हळू आवाजात. मी म्हटलं, "सांग त्यांना, बस चुकली तर रिक्षा तुम्ही देणार काय?" तसं ती अर्थातच बोलली नाही. तिनं तिच्या पद्धतीनं सांगितलं, की सर, रिटर्न मी एकटी भरणार, बाहेरच्याकडं द्यायची गरज नाही पडणार. हे माझ्यापेक्षा चांगलं होतं. ऑडिटरला महिन्याला किती जातात ते त्या माणसाला पाठ असणारच. साडेपंधरावर आले.

"सध्याचा पगार" हा शेजारचा रकाना. अपेक्षित आकडा तुमचा, त्यात खरं-खोटं काही नाही. सध्याचा मात्र आहे तोच लिहायचा. शेवटच्या तीन स्लिपा मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात, आणि पीएफच्या पासबुकात कुठल्या पगारावर किती भरला ते दर महिन्याचं दिसतं. थाप पकडली गेली की पत्र मागं घेतात. आमच्याकडची खरी अडचण उलटी आहे. बारक्या शॉपमध्ये अकरा हजार खात्यावर आणि पाच-सहा हजार हातात, असं वर्षानुवर्षं चालतं. दोघंही खूश असतात, नोकरी बदलायची वेळ येईपर्यंत. मग सतरा कमावणारा माणूस कागदावर अकराचा, आणि समोरचा म्हणतो, अकरावर तीस टक्के वाढ देतो, चौदा हजार तीनशे घ्या. अशांना मी सांगते की सध्याच्या रकान्यात कागदावरचं लिहा, कारण तेवढंच दाखवता येणार आहे. पण अपेक्षित आकडा त्या अकराला गुणून काढू नका. फोनवर विचारलं तर "बाकीचं रोख होतं" हे सरळ सांगा. त्यांनाही ते नवीन नसतं. त्यांच्याकडंही कुणीतरी तसं घेत असतं.

बंगळूरची नोकरी घरून करणारी एक इंजिनीअर मुलगी मधे प्रिंट काढायला आली होती. अमेरिकेतल्या एका जागेची जाहिरात, आणि त्यात पगार चक्क छापलेला, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत. मला वाटलं चुकून राहिला. ती म्हणाली, तिकडं कायदाच आहे. कोलोरॅडोत २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून, कॅलिफोर्नियात २०२३ पासून जाहिरातीत पट्टी द्यावी लागते. युरोपियन युनियननंही २०२३ मध्ये तसा नियम केला, मुलाखतीच्या आधी पट्टी सांगायची आणि आधीचा पगार विचारायचा नाही. देशांना आपापले कायदे करायला ७ जून २०२६ ही मुदत. आपल्याकडं तसा कायदा नाही. आपल्याकडं पेपरातल्या 'पाहिजेत'च्या रकान्यात "आकर्षक पगार" छापतात, नाहीतर "पगार मुलाखतीवेळी". जाहिरात देणारा आपला आकडा झाकून ठेवणार आणि पोटापाण्याला निघालेल्या पोरानं पहिल्यांदा बोलायचं, हा न्याय मला कधीच पटला नाही. मशीन शॉपमध्ये असताना मी एकदा मालकांना म्हटलंही होतं, आकडा छापू या, नको ते अर्ज तरी येणार नाहीत. ते म्हणाले, "छापला की आतले सगळे वाचतील." तेही खरंच होतं.

अर्ज पोचला, पट्टीत बसला, की फोन येतो. बहुतेक दुपारी, पोरगा शेतात किंवा मोटरसायकलवर असताना. "एष्टु एक्स्पेक्ट माडतीरि?" म्हणजे किती अपेक्षा आहे. असं कन्नडमध्ये विचारलं की आमची निम्मी पोरं आधीच बिचकतात आणि हिंदीत उत्तर देतात. भाषा कुठलीही चालते. आकडा बोलायचा तो महिन्याचा हातातला की वर्षाचा सीटीसी, ते आधी स्पष्ट करायचं, आणि अर्जात जो टाकलाय तोच बोलायचा. म्हणून अर्ज भरून झाला की आकडा मी पोचपावतीच्या मागं पेनानं लिहून देते. "अठरा ते बावीस" असं बोलायचं नाही, समोरच्याला अठराच ऐकू येतं. आणि आकडा सांगितला की गप्प बसायचं. आपली पोरं लगेच पुढं जोडतात, "खरं कमी-जास्त चालतंय सर." समोरचा त्यातलं कमी तेवढं उचलतो.

"आता चौदा घ्या, सहा महिन्यांनी बघू" असं म्हणाले तर लगेच नको म्हणायचं नाही. किती बघणार आणि कुठल्या महिन्यापासून, तेवढं पत्रात घालून मागायचं. फार तर नाही म्हणतील. पत्रात घालायला तयार झाले तर घ्या. "तोंडीच पुरे, आमच्यावर विश्वास नाही का" असं म्हणाले तर तुम्हीच काय ते ठरवा, मला विचाराल तर मी तिथं जाणार नाही.

पत्र आलं की मोबाईलवर वाचू नका. तिसऱ्या पानासकट मेल दुकानाच्या आयडीवर पाठवा, मोठ्या अक्षरात काढून ठेवते. प्रिंट पाच रुपये पान, हिशोबाचे पैसे घेत नाही.